शनिवारी बोलू

प्रिय दामिनी,

आमच्या लग्नाच्या वाढदिवसाचा फोटो तू पाहिलास. खाली लाल बदाम टाकलास आणि लिहिलंस, ‘आई, किती मोकळी हसते आहेस!’ मी त्या फोटोत हसत नाही. तोंड उघडं आहे, एवढंच. ते का उघडं आहे हे फोनवर सांगता येईना. तुझा फोन आला की बाबा स्पीकर लावायला सांगतात आणि मग आपण तिघं हवेबद्दल बोलतो. म्हणून इथे अकोल्याला, शाळेत लिहिते आहे. ऑफ तास आहे. शिक्षकांच्या खोलीत खुर्ची आहे, पंखा आहे, पण मी व्हरांड्यात उभी राहून कठड्यावर कागद ठेवला आहे. बसवत नाही. गेले काही आठवडे कुठेच बसवत नाही.

आधी मुद्द्याचं लिहिते. त्या संध्याकाळी बाबांनी सगळ्यांसमोर सांगितलं की सीमा, म्हणजे मी, दिवाळीनंतर नोकरी सोडते आहे आणि बडनेरा रोडवर तिच्या नावाचं रेस्टॉरंट उघडतं आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मला ते तेव्हाच कळलं.

तू पुण्याला गेलीस आणि घरातला आवाज गेला. पहिल्याच शनिवारी बाबा म्हणाले, चल, बाहेर जेवू. फारुखकाका आणि फरजानाकाकू आले, सूर्यभानकाका आले. वलगावच्या शाळेतली तीच तीन पोरं, आता चष्मे लागलेली. सूर्यभानकाकांची बायको येत नाही. हॉटेलचं पाणी पचत नाही म्हणते. मग दर शनिवारचं ठरून गेलं. अमरावतीत नवीन काही उघडलं की पहिल्या आठवड्यात आम्ही तिथे. अमरावतीतली संपली की अकोल्याची. सूर्यभानकाकांचा शनिवारचा उपास असतो, तो ते मशरूमच्या सूपवर सोडतात आणि मारुतीला चालतं म्हणतात. रमजानमध्ये फारुखकाकांनी खजूर तोंडात घालेपर्यंत आमच्यातलं कुणी पाण्याला हात लावत नाही. वेटर बिचारे मेनूकार्ड घेऊन उभे. मला हे सगळं आवडलं, खोटं कशाला लिहू. कुणीतरी खुर्ची मागे ओढतं. मांडीवर कापड अंथरतं. पोळी गरम येते आणि आपण उठायचं नसतं. पहिले काही शनिवार मी सवयीने उठून सगळ्यांना वाढायला लागायचे. फरजानाकाकू मनगट धरून खाली बसवायच्या. ‘बैठ ना गे, उनका काम उनको करने दे.’

आणि बाबा बोलायचे. हे मला सगळ्यात नवं होतं. घरी तू असताना तुझ्याशी बोलायचे, तू गेल्यावर पेपर, टीव्ही, आंघोळीचं पाणी काढलं का, भाजी कोणती, बस. टेबलावर मात्र त्यांना कंठ फुटतो. दुकानात कोण आलं, कोणत्या कंपनीचं बियाणं उगवलं नाही, बँकेतला माणूस काय म्हणाला. मी सूप पीत ऐकायचे. आपल्या घरात काय चाललं आहे ते मला हॉटेलात कळायला लागलं. बाबांना शुगर निघाली, तेही. वेटरने रसमलाई पुढे ठेवली, बाबांनी वाटी सरकवली. फारुखकाकांनी विचारलं, ‘काहून बे कुलदीप?’ आणि बाबा म्हणाले, ‘शुगर निंगाली ना लेका मले. मागच्याच महिन्यात.’ सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, माहीत असल्यासारखी. वर म्हणाले, सांगून सांगून थकले, ऐकतच नाहीत. दुसऱ्या दिवशी चहात साखर घातली नाही. बाबांनी तो चहा तसाच प्यायला.

तुला हे विचित्र वाटेल. मला वाटलं नाही, कारण मी वलगावच्या घरात सून म्हणून आले होते. पंजाबरावआजोबा आजीशी थेट कधी बोलल्याचं मी पाहिलं नाही. त्यांना अमरावतीला जायचं असलं की ते अंगणात शेजारच्या नत्थुजींना सांगायचे, ‘नत्थुजी, उद्या सकाळी निंगतो बरं मी.’ नत्थुजींना कमी ऐकू यायचं, ते बरंच होतं. आजोबांचा आवाज आपोआप चढायचा. आत मनकर्णाआजी भाकरी बांधायच्या तयारीला लागायची. तिला काही म्हणायचं असलं तर ती मला म्हणायची, मी समोर असो नसो. ‘सीमे, सांग तुया सासऱ्याले, तेल सरलं.’ सासरा चार हातांवर. मी नवी होते, मला हसू यायचं. आजी म्हणाली होती, ‘माणसं आपल्याले सांगत नसतात बाई. आपल्याले आयकू येईन असं बोलतात.’ तिच्या आवाजात तक्रार नव्हती. विहीर कुठे आहे ते सांगावं तसं सांगितलं.

तुझे बाबा त्या अंगणात वाढले. अंगण सुटलं, सवय सुटली नाही. फारुखकाका त्यांचे नत्थुजी आहेत. आणि इतर सगळे समजतात की कुलदीपने हे घरी सांगितलेलंच असणार.

घंटा झाली. आठवी ब. तास घेऊन येते.

आले. परवा पोरींनी पाणी आणलं होतं, आज ताटल्या बघितल्या. दरवर्षी खारपाणपट्टा शिकवताना मी त्यांना आपापल्या गावच्या विहिरीचं, बोअरचं पाणी बाटलीत आणायला सांगते. ते ताटल्यांत ओतून गच्चीवर उन्हात ठेवतो. पाणी उडून गेलं की काही ताटल्यांत खाराचा पांढरा थर राहतो, काहींत काही नाही. मग नकाशावर ती गावं शोधायची आणि पूर्णेच्या काठाने बोट फिरवायचं. हिवरखेडहून मामाकडे शिकायला आलेली एक पोरगी आज तिच्या ताटलीकडे बघून म्हणाली, ‘मॅडम, हे आमी पेतो?’ बाकीच्या हसल्या. ती हसली नाही. मग बाकीच्याही थांबल्या. मी ज्या नोकरीबद्दल लिहिते आहे ती ही आहे. बाबा म्हणतात अमरावती-अकोला अपडाउनमध्ये तिचा जीव जातो. पाठ दुखते, हे खरं. उन्हाळ्यात अकोल्याच्या स्टेशनवर उतरलं की चप्पल तापते. पण जीव जात नाही. त्यांनी मला कधी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं.

आता त्या संध्याकाळचं. जागा नवी, लिफ्टने वर. दिवे इतके मंद की फारुखकाकांनी मेनूकार्ड मोबाईलच्या उजेडात वाचलं. त्यात ‘पातोडी’ होती. बाबांनी हौसेने मागवली. आली ती काळ्या दगडाच्या पाटीवर. दोन वड्या, बाजूला रश्श्याचा एक ठिपका, वर कसली तरी कोवळी पानं. सूर्यभानकाका वेटरला म्हणाले, ‘बाप्पा, रस्सा लिफ्टमधी सांडला काय?’ वेटरलाही हसू आवरेना. फारुखकाका म्हणाले, ‘भाभीच्या हातची पातोडी खाल्ली ना इथल्या शेफनं, तं नोकरी सोडून देईन तो.’ बाबांनी रुमालाने मिशी पुसली. ती खूण मला माहीत आहे, आता काहीतरी जाहीर करणार.

‘नोकरी तं सीमाच सोडून राहिली,’ बाबा म्हणाले.

मग सगळं आलं. जागा घेऊन झाली. फारुखकाकांच्या शोरूममधून फरश्या निघाल्या. दिवाळीनंतर मुहूर्त. असल्या दगडावरची नाही, खरी वऱ्हाडी जेवणं, पण एसीत. ‘तिले कोनाची चाकरी नको आता. मालकीण म्हणून बसंन गल्ल्यावर.’ हे सांगताना त्यांचे डोळे भरले होते, दामिनी. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच वाटत होतं की ते मला काहीतरी देत आहेत. टाळ्या झाल्या. मग बाबांनी फोन काढला आणि तो हातोहात फिरला. फरजानाकाकूंकडून माझ्याकडे आला तेव्हा त्यावर एक पाटी होती. नथ घातलेली बाई, हातात कढई, खाली ‘सीमाची रसोई’. ‘आपल्या दामिनीनं काढलं,’ बाबा म्हणाले. ‘रात्रीचा दिवस केला पोरीनं.’

तुझ्यावर राग नाही. आईला सरप्राइज आहे, असं ते तुला म्हणाले असणार आणि तुला ते खरं वाटलं असणार. अक्षरं सुंदर आहेत. पण मी नथ घालत नाही, हे तुला माहीत आहे. त्या बाईकडे बघताना मला वाटलं, हिला सगळं आधीच माहीत आहे. टेबलावर मीच एकटी उशिरा आले.

तेवढ्यात केक आला आणि सूर्यभानकाकांनी हाळी दिली, ‘वहिनी, नाव घ्या! नावाबिगर घास नाही.’ तू हे कितीदा पाहिलं आहेस. मी बाबांना अहो म्हणते. त्यांचं नाव माझ्या तोंडून फक्त उखाण्यात निघतं, तेही चारचौघांत. बारशाला, हळदीकुंकवाला, तुझ्या मावशीच्या लग्नात. मला कधी आठवावं लागलं नाही. मी केकचा तुकडा उचलला आणि सुरुवात केली, ‘पातोडीच्या रश्श्याला लसणाची फोडणी…’ पुढे नाव यायचं होतं. आलं नाही. मी ठरवून थांबले नाही. जीभ टाळूला टेकली आणि तिथेच राहिली. सगळे वाट बघत होते. फारुखकाका म्हणाले, ‘लो, भाभी हँग हो गई!’ सूर्यभानकाका म्हणाले, ‘रेंज नाही इथं, खिडकीपाशी या वहिनी.’ हशा झाला. बाबाही हसले. ‘घेते, घेते. वेळ लागते तिले,’ म्हणाले, पण माझ्याकडे बघून नाही, फारुखकाकांकडे बघून. टेबलाखाली फरजानाकाकूंचा हात माझ्या गुडघ्यावर आला. वेटरने तेव्हाच फोटो काढला. तू बदाम टाकलास तो हाच. त्यात माझ्या हातात केक आहे आणि तोंडात अर्धा उखाणा.

नाव मी घेतलं नाही. पाणी प्यायले. विषय आईस्क्रीमकडे गेला.

गाडीत बाबांनी गाणी लावली. सकाळी मी ओट्यापाशी होते. बाबा पेपर घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आले, माझ्याकडे पाठ करून उभे राहिले आणि भांडी घासणाऱ्या पार्बताबाईंना म्हणाले, ‘काहो पार्बताबाई, आजकालच्या बायकाईले नवऱ्याचं नाव याद राहत नाही काय?’ पार्बताबाईंनी मान वर केली नाही. ‘मले काहून मधात घेता भाऊ? थ्या काय वलगावले हायेत? तुमच्या पाठीमांगं तं उभ्या हायेत.’ मला हसू फुटलं. बाबा वळले, तेही हसले. क्षणभर आम्ही एकमेकांकडे बघत होतो. मला वाटलं, आता विचारतील. त्यांनी पेपर उघडला.

दुपारी फरजानाकाकूंचा फोन आला. ‘मेरे को उसी वक्त समझा. तेरे को मालूमच नहीं था ना?’ त्यांना फारुखकाकांनी केव्हाच सांगितलं होतं. ‘मेरे को लगा, भाईसाब ने पहले तेरे कोच बताया होंगा.’

नंतरच्या आठवड्यात बाबा मला जागा दाखवायला घेऊन गेले. फरश्या बसवायचं काम चाललं होतं. बाबा मिस्त्रीला म्हणाले, ‘मॅडमले विचार, शेगडी कोनत्या भिंतीले पाह्यजे.’ मी मिस्त्रीला म्हणाले, ‘साहेबांनाच विचारा.’ तो आमच्या मधोमध उभा. एकदा इकडे बघे, एकदा तिकडे. शेवटी त्याने कानावरची पेन्सिल काढली आणि स्वतःच एका भिंतीवर फुली मारली. ती फुली बघताना मला पहिल्यांदा भीती वाटली. बाबांची नाही. मीही नत्थुजी शोधायला लागले होते.

त्या संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता गॅस बंद केला. हात पुसले. बाहेर आले, बाबांच्या आणि टीव्हीच्या मधे उभी राहिले आणि म्हणाले, ‘मी नोकरी सोडणार नाही.’ एवढंच. बाबांनी रिमोट शोधला, आवाज कमी केला, माझ्या पदराकडे कुठेतरी बघितलं आणि अगदी हळू म्हणाले, ‘शनिवारी बोलू.’

ते टाळत नव्हते. त्यांना खरंच शनिवारीच बोलता येतं. समोर फारुखकाका लागतात, कुणीतरी मधे लागतं, ताट लागतं. मी थांबले. शनिवार आला तर फारुखकाका भाचीच्या लग्नाला हैदराबादला गेलेले. टेबल रद्द झालं. आम्ही दोघं घरी वरण-भात जेवलो. मी मनात म्हटलं, आज कुणी नाही, आज बोलतील. बाबांनी लिंबू मागितलं. मी लिंबू दिलं. मी आणखी एकदा तेच वाक्य म्हणाले. ते म्हणाले, ‘फारुखले येऊ दे.’

दुसरा ऑफ तास संपत आला आहे, म्हणून उरलेलं भराभर लिहिते. काल मुख्याध्यापिकांना सांगितलं की मी राजीनामा देणार आहे असं कुठून कानावर आलं तर खरं धरू नका. त्यांच्या कानावर आलेलं होतं. सूर्यभानकाकांचा साडू आमच्या संस्थेत आहे. मग शाळा सुटल्यावर इथेच जठारपेठेत एक खोली बघून आले. खाली मालकीणबाई राहतात, वर ती एकच खोली आणि गच्ची. सोमवार ते शुक्रवार तिथे राहीन, शनिवारची सकाळची शाळा करून घरी येईन. पाठीला आराम पडेल. हे पाठीसाठी आहे असं मी मुख्याध्यापिकांना सांगितलं. तुला तसं सांगत नाही. मला काही दिवस अशा घरात राहून बघायचं आहे जिथे माझ्याबद्दल काही ठरलं तर ते मला आधी कळेल. पुढचं मला माहीत नाही. रेस्टॉरंट त्यांनी खुशाल उघडावं. फारुखकाकांना धंद्यातलं कळतं. स्वयंपाक्याला पातोडी मी शिकवीन. तेवढं त्या पाटीवरून माझं नाव आणि ती बाई काढ.

येत्या नाही, पुढच्या शनिवारी तू सुट्टीला येते आहेस. टेबल सांगून झालं आहे. बाबा सूर्यभानकाकांना फोनवर म्हणाले, ‘दामिनी येऊन राहिली, थे समजावते तिच्या मायले.’ मी बाजूच्या खोलीत होते. तर त्या दिवशी तुला माझ्यासमोर बसवतील. सूप येईल. मग मी बाबांना हे सगळं सांगेन, फारुखकाकांसमोर, कारण तिथेच ते ऐकतात. त्यांचं नाव घेऊन सांगेन. आणि टेबलावरचे सगळे तुझ्याकडे बघतील. तू माझी बाजू घ्यावीस म्हणून मी हे लिहीत नाही. बाबांचं बरोबर वाटलं तर तसं म्हण, माझ्याकडे बघून म्हण. पण आई घर अर्धं सोडते आहे हे तुला हॉटेलात कळू नये. चमचा हातात धरून, माहीत असल्यासारखी मान हलवायची पाळी तुझ्यावर येऊ नये. म्हणून लिहिलं. आज इथूनच कुरिअर करते. मिळालं की फोन कर, दुपारच्या मधल्या सुट्टीत कर. मी मैदानात जाऊन उचलेन, स्पीकर लावणार नाही.

तुझीच,
आई